डीटॉक्समध्ये विष काढत नाहीत, दोर सोडतात

परवा एका ग्रुपवर फॉरवर्ड आलं, "सात दिवसांत शरीरातलं दारूचं विष बाहेर काढा", सोबत हिरव्यागार ज्यूसचा फोटो. त्याखाली एकाचं उत्तर, की ज्यूस पण नको आणि त्या व्यसनमुक्ती सेंटरमधल्या गुंगीच्या गोळ्या पण नकोत, एक नशा सोडवायला दुसरी कशाला, माणसाने मनावर घेतलं की सुटते. मी उत्तर टाईप करायला घेतलं, ते लांबत लांबत गेलं, म्हणून वेगळं लिहितोय.

मुळात नशा सोडवण्याच्या या पहिल्या टप्प्याला म्हणतात तो डीटॉक्स हा शब्दच फसवा. ऐकलं की वाटतं आत काहीतरी विष साचलंय आणि ते धुऊन काढायचंय. दारूच्या बाबतीत धुण्यासारखं फार काही उरलेलंच नसतं. आपलं लिव्हर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल जाळतं, रोज भरपूर पिणाऱ्याचं जरा जास्तच, आणि ज्यूस पिऊन, घाम काढून किंवा गार पाण्याची आंघोळ करून हा वेग काही वाढत नाही. म्हणजे शेवटचा पेग पोटात गेल्यानंतर दुसऱ्या दिवशी बहुतेकांचं रक्त साफ झालेलं असतं, आणि खरा त्रास सुरू होतो तो या साफ होण्याच्या वाटेवर. अल्कोहोल आहे तोवर माणूस चालता-बोलता, ते उतरायला लागलं की हात थरथरायला लागतात. ही उलटी गोष्ट एकदा डोक्यात बसली की पुढची सगळी औषधं आपोआप कळतात.

क्रम साधारण असा. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, छातीत धडधड, मळमळ, झोप उडालेली. फिट यायची असेल तर ती बहुतेक पहिल्या ४८ तासांत येते. आणि मग काही थोड्या जणांना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान ज्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात ते गाठतं, माणसाला आपण कुठे आहोत ते कळत नाही, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, बीपी वर जातं. पूर्वी, धड उपचार नव्हते तेव्हा, या अवस्थेत गेलेल्यांपैकी तिनातला एक दगावल्याच्या नोंदी आहेत. आता वेळेवर उपचार मिळाले तर हे प्रमाण शेकडा पाचाच्या आत आलंय. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एका झटक्यात बंद करू नये असं डॉक्टर कानीकपाळी ओरडतात ते यासाठी, त्यात घाबरवण्याचा भाग नाही.

हे सगळं दारू "सुटल्यामुळे" होतं हे आज सरळ वाटतं, पण १९५० च्या आसपास त्यावर वाद होता. दारुडा माणूस नीट जेवत नाही म्हणून व्हिटॅमिन कमी पडून हे होतं असं एक मत होतं, दारूच्या थेट विषारी परिणामाने होतं असं दुसरं. १९५५ साली अमेरिकेत केंटकीमधल्या लेक्सिंग्टनला हॅरिस इस्बेल आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, जो आज कुठलीच एथिक्स कमिटी करू देणार नाही आणि देऊही नये. पूर्वी मॉर्फिनच्या (अफूपासूनच्या मादक औषधाच्या) आहारी गेलेल्या दहा माणसांना त्यांनी व्यवस्थित खायला आणि व्हिटॅमिन देऊन रोज दारू पाजली. चौघांनी लवकर सोडली. उरलेले सहा जण ४८ ते ८७ दिवस पीत राहिले आणि मग एकदम बंद. सहापैकी दोघांना फिट आल्या, तिघांना डेलिरियम झालं. पोट भरलेलं, व्हिटॅमिन पुरेसं, तरी झालं. म्हणजे दोष थांबण्याचाच.

पण थांबल्याने असं का व्हावं? आता माझ्या आवडीचा भाग, थोडा धीर धरा.

मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींना दोन प्रकारचे निरोप देत असतात, "पेट" आणि "गप्प बस". पेट म्हणणारं मुख्य रसायन ग्लुटामेट, गप्प बस म्हणणारं गाबा. गाबा पेशीवरच्या आपल्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घ्यायच्या जागेला, चिकटलं की तिथली एक बारीक खिडकी उघडते, त्यातून क्लोराईडचे ऋणभारित कण आत शिरतात आणि ती पेशी पेटायला जड होते. अल्कोहोल दोन्हीकडे हात घालतं, गाबाच्या खिडकीला मदत करतं आणि ग्लुटामेटच्या एनएमडीए नावाच्या रिसेप्टरला दाबतं. म्हणून पिणारा सैलावतो, बडबडतो, मग झोपतो. एक दिवसाचं असेल तर प्रश्न मिटला. पण रोज, महिनोन्महिने, वर्षानुवर्षं कुणी ब्रेक दाबूनच धरत असेल तर मेंदू स्वस्थ बसत नाही, तो विरुद्ध बाजूने ओढायला लागतो. गाबाचे रिसेप्टर कमी दाद देणारे बनवतो, एनएमडीए रिसेप्टर वाढवतो. लहानपणची रस्सीखेच आठवा. एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला मेंदू, दोघं जीव खाऊन ओढतायत आणि बाहेरून बघणाऱ्याला दोर मधोमध स्थिर दिसतोय. म्हणूनच तर मुरलेला पिणारा पाच पेगनंतरही "नॉर्मल" दिसतो. आता समोरच्याने दोर अचानक सोडला तर काय होतं? आपण पाठीवर आपटतो. थरथर, धडधड, फिट, डेलिरियम, हे सगळं ते आपटणं आहे. मेंदूची ओढ तशीच आहे, पलीकडे कुणी नाही. ती ओढ सैल व्हायला वेळ लागतो, रिसेप्टर एका रात्रीत बदलत नाहीत.

मग डॉक्टर काय करतात, तर दुसऱ्या कुणालातरी दोर धरायला उभं करतात आणि त्याला सांगतात की हळूहळू सोड. हा दुसरा कुणीतरी म्हणजे बेंझोडायझेपाइन गटातली औषधं, क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम, लोराझेपाम. ही गाबा रिसेप्टरवर गाबाच्या शेजारी वेगळ्या खाचेत बसतात आणि गाबा आलं की खिडकी अधिक वेळा उघडेल असं बघतात. "गाबा आलं की" हे महत्त्वाचं, ती स्वतःहून खिडकी उघडत नाहीत. जुनी बार्बिट्युरेट औषधं खिडकी जास्त वेळ उघडी ठेवतात आणि डोस चढला तर गाबाशिवायही उघडतात, म्हणून त्यांच्यात उपयोगी डोस आणि जीवघेणा डोस जवळजवळ असतात. बेंझोला गाबाची अट असल्यामुळे एक नैसर्गिक लगाम मिळतो. (दारू किंवा अफूच्या जातीचं काही सोबत घेतलं की हा लगाम पुरत नाही आणि श्वास थांबू शकतो, म्हणून हा उद्योग देखरेखीखालीच.) आणखी एक बारकावा, हा रिसेप्टर पाच तुकडे जोडून बनतो, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं की दीर्घकाळ अल्कोहोल दिल्यावर त्यातला अल्फा-१ तुकडा कमी होतो आणि अल्फा-४ वाढतो, आणि अल्फा-४ असलेल्या रिसेप्टरवर नेहमीच्या बेंझोंची खाचच नीट जुळत नाही. काही पेशंटना डोसवर डोस देऊनही फरक पडत नाही आणि शेवटी आयसीयूत बार्बिट्युरेट गटातलं फेनोबार्बिटाल काढावं लागतं, त्यामागे हे एक कारण असू शकतं. हे वाक्य डोक्यावरून गेलं असेल तर सोडून द्या, दोर लक्षात ठेवा.

गंमत म्हणजे फिटवरचं एक नेहमीचं औषध फेनिटॉइन दारूच्या विड्रॉवलमधल्या, म्हणजे नशा थांबल्यावर होणाऱ्या त्रासातल्या, फिटवर चाचण्यांमध्ये फुकट गेलं. ते सोडियमच्या वाटा अडवतं, दोराला हातच लावत नाही.

या क्लोरडायझेपॉक्साइडची जन्मकथाही भारी आहे. लिओ स्टर्नबाख नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ऐन तरुणपणी पोलंडमध्ये रंगद्रव्यांच्या शोधात काही संयुगं बनवून बघितली होती, पुढे अमेरिकेत रोश कंपनीत असताना तोच धागा परत उचलला, काही हाती लागलं नाही, काम बंद झालं. १९५७ साली टेबलं आवरताना सहकाऱ्याला एक न तपासलेली पावडर सापडली, फेकायच्या आधी तपासायला दिली, आणि १९६० मध्ये ती लिब्रियम नावाने बाजारात आली.

आणि डीटॉक्ससाठी तिची खरी करामत म्हणजे शेपटी. औषध रक्तात निम्मं व्हायला किती वेळ लागतो त्याला हाफ-लाइफ म्हणतात. क्लोरडायझेपॉक्साइडची ५ ते ३० तास, पण लिव्हर त्याचे तुकडे करतं ते तुकडेही कामाचेच असतात, आणि त्यातला शेवटचा, डेसमिथाइलडायझेपाम, ३६ पासून काहींच्यात २०० तासांपर्यंत रेंगाळतो. म्हणजे गोळी बंद केली तरी दोर एकदम सुटत नाही, रक्तातलं प्रमाण स्वतःच दिवसेंदिवस उतरत जातं. दारू तासांत उतरते, हे दिवसांत उतरतं, सगळा खेळ या फरकाचा आहे. एखाद्याला उतरणीवर ढकलून देणं आणि हात धरून उतरवणं यात जेवढा फरक तेवढाच.

मात्र हे तुकडे करणारं लिव्हरच खराब असेल, जे दारूच्या पेशंटमध्ये नवल नाही, तर तीच शेपटी अंगावर येते, औषध साठत जातं आणि माणूस गुंगीत जातो. तिथे लोराझेपाम देतात, त्याची हाफ-लाइफ १० ते २० तास आणि त्याचे कामाचे तुकडे पडत नाहीत, लिव्हर त्याला एक साखरेसारखा रेणू चिकटवून थेट किडनीकडे पाठवतं, आणि हे काम बिघडलेलं लिव्हरही बऱ्यापैकी करतं.

किती द्यायचं हेही अंदाजपंचे नसतं. सीवा नावाची दहा मुद्द्यांची एक यादी आहे, १९८९ सालची, थरथर किती, घाम किती, अस्वस्थता किती, भास होतायत का, असं बघत जास्तीत जास्त ६७ पैकी मार्क द्यायचे. काही तासांनी परत मोजायचं, मार्क चढले तर गोळी, उतरले तर नाही. "गुंगीत ठेवतात" म्हणणाऱ्यांनी हे जरूर बघावं. एक नशा सोडवायला दुसरी, या आक्षेपात तथ्य एवढंच की बेंझोची स्वतःची सवय लागते, आठवडे-महिने घेतली तर नक्की लागते, म्हणूनच डीटॉक्समध्ये ती मोजून काही दिवस देतात आणि उतरवत उतरवत बंद करतात.

सोबत थायमिन म्हणजे बी-१ चं इंजेक्शन असतं. त्याचा दोराशी संबंध नाही. बी-१ शिवाय मेंदूला ग्लुकोज नीट वापरता येत नाही, शरीरात त्याचा साठा दोन-तीन आठवडे पुरेल एवढाच, पिणाऱ्याचा तो बहुतेक संपलेला, आणि अशात नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडून वर्निकेचा आजार होऊ शकतो, डोळे नीट फिरत नाहीत, तोल जातो, भ्रम होतो, आणि उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाते. इस्बेलने व्हिटॅमिनवाल्यांना एका बाबतीत खोडून काढलं, पण ते अगदीच चूक नव्हते.

आता "पेशंटच्या नकळत खाण्यात मिसळा, दारू सुटेल" वाल्या पुड्या. मंतरलेली असेल तर राख आहे, सोडून द्या. पण खरंच काही परिणाम करणारी असेल तर जास्त भीती वाटली पाहिजे. डायसल्फिराम हे औषध, जे घेतल्यावर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, बीपी पडतं, ते माणसाला न सांगता कधीच देऊ नये असं त्याच्या माहितीपत्रकावरच ठळक लिहिलेलं असतं, कारण ही रिअ‍ॅक्शन जीवही घेऊ शकते. शिवाय ते डीटॉक्सचं औषध नाहीच, ते दारू सुटल्यानंतरचं, पेशंटच्या संमतीने.

राहिला "मनावर घेतलं की सुटते" हा मुद्दा. त्याला माझं उत्तर काचेच्या बशीतलं आहे. १९७५ साली शर्मा, क्ले आणि निरेनबर्ग (तोच निरेनबर्ग, ज्याला जनुकीय लिपी उलगडल्याबद्दल १९६८ चं नोबेल मिळालं) यांनी बशीत वाढवलेल्या, उंदराच्या ट्यूमरपासून तयार केलेल्या पेशींवर मॉर्फिन टाकलं. पेशीतलं सायक्लिक एएमपी नावाचं रसायन खाली गेलं. मॉर्फिन तसंच राहू दिलं तर पेशीने ते बनवणारी यंत्रणा वाढवली आणि पातळी परत जागेवर आणली. मग मॉर्फिन काढलं, तर सायक्लिक एएमपी उसळून नेहमीच्याही वर गेलं. तीच रस्सीखेच, तेच आपटणं, आणि तेही बशीत. पेशीला कसलं मन आणि कसला निश्चय.

माणसाच्या मेंदूत हे जिथे ठळक दिसतं ती जागा म्हणजे मेंदूच्या देठातला लोकस सेरुलियस, इवलासा निळसर ठिपका, शरीराला "सावध!" ओरडून सांगणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन इथून सगळ्या मेंदूत जातं. हेरॉइन, मॉर्फिनचंच भावंड, त्याला दाबून ठेवतं, हेरॉइन बंद झालं की तो बेफाम सुटतो, म्हणून अंगावर काटा, घाम, धडधड, जुलाब, बाहुल्या मोठ्या. १९७८ मध्ये बीपीचं एक साधं औषध, क्लोनिडीन, इथे लागू पडतं असं दाखवलं गेलं. ते अफूच्या रिसेप्टरला शिवतही नाही, त्याच पेशीवरच्या वेगळ्या रिसेप्टरवर बसतं पण आतला ब्रेक तोच दाबतं. बीपीचंच औषध असल्याने बीपी पडतं, तेवढं सांभाळावं लागतं. त्याचा भाऊ लोफेक्सिडीन बीपी त्याच्याइतकं पाडत नाही, त्याला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. पण अंगाचा त्रास कमी झाला तरी तलफ यांनी जात नाही.

तलफेसाठी थेट अफूच्या रिसेप्टरवर बसणारी औषधं, मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन. ब्युप्रेनॉर्फिन विक्षिप्त आहे, रिसेप्टरला घट्ट चिकटतं पण त्याला अर्धवटच चालू करतं. म्हणून डोस वाढवला तरी परिणाम एका पातळीच्या वर फारसा जात नाही. पण अंगात हेरॉइन असतानाच घाईने दिलं तर हेरॉइनला ढकलून स्वतः बसतं आणि दोर अर्ध्यावर येतो, म्हणजे विड्रॉवल आपणच आणलं. त्यामुळे डॉक्टर त्रास सुरू होईपर्यंत थांबायला लावतात, आणि पेशंटला वाटतं हे मुद्दाम छळतायत.

अफूचं विड्रॉवल दारूसारखं सहसा जीव घेत नाही. जीव जातो तो नंतर. डीटॉक्स यशस्वी झालं म्हणजे मेंदूने आपल्या टोकाची ओढ सोडली, आणि तीच ओढ इतके दिवस श्वास चालू ठेवत होती. दोन-तीन आठवड्यांनी बाहेर पडलेल्या माणसाचा पाय घसरला आणि त्याने सवयीने जुनाच डोस घेतला, तर पलीकडून ओढायला आता कुणी नसतं, आणि जो डोस महिन्यापूर्वी त्याला नुसता उभा ठेवायचा तोच आता श्वास थांबवतो. म्हणून अफूच्या बाबतीत बरेच डॉक्टर नुसत्या डीटॉक्सवर थांबत नाहीत, ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन पुढे महिने-वर्षं चालू ठेवतात, आणि घरी पाठवताना घरच्यांच्या हातात श्वास परत आणणारा नॅलोक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे देतात.