सेन्सर बदलण्याआधी ईसीयूचा कनेक्टर पाहा

गाडीच्या स्कॅनरवर पी-0118 हा बिघाडाचा कोड आला की बहुतेकदा कूलंटचा तापमान सेन्सरच बदलला जातो. खरं तर हा कोड एवढंच सांगतो, की सेन्सरच्या तारेवरचं व्होल्टेज 5 व्होल्टच्या जवळ गेलंय. सेन्सर आतून तुटला तरी ते तिथे जातं आणि ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) कनेक्टरमधलं टर्मिनल, म्हणजे तारेच्या टोकाचा धातूचा तुकडा, मागे सरकलं तरीही.

अर्धवट बिघाड जास्त फसवा. या सेन्सरचा रोध गरम होताना घटतो: 20 अंशांना साधारण 2,500 ओहम, 90 अंशांना जेमतेम 250. तापलेल्या इंजिनावर कनेक्टरमधल्या गंजाने 100 ओहमची भर घातली, तर ईसीयूला इंजिन दहा-बारा अंश थंड भासतं. रेडिएटरचा पंखा उशिरा लागतो, कोड मात्र येत नाही.

आधी कोड लिहून घ्या, कारण बॅटरी सोडवल्यावर ते पुसले जाऊ शकतात. मग चावी बंद करून काही मिनिटं थांबा (ईसीयू लगेच झोपत नाही), बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि नंतरच कनेक्टरचं लॉक उघडा. तारा धरून ओढू नका.

टॉर्च मारा. ईसीयूवरच्या पिना सरळ रेषेत हव्यात, कनेक्टरमधली टर्मिनलं एकाच खोलीवर. हिरवट कळंक दिसला तर पाणी शिरलंय. रबरी सील तपासा. पावसाळ्यात किंवा प्रेशरने इंजिन धुतल्यावर हे हमखास. तेल दिसलं तर मूळ लांब असू शकतं: गळक्या सेन्सरमधून ते तारेच्या वेष्टनाआतून झिरपत इथवर येतं.

सैल झालेलं टर्मिनल मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्याच मापाची सुटी पिन घालून ओढून पाहा. किंचित पकड जाणवली पाहिजे. मल्टिमीटरची जाड प्रोब समोरून खुपसणारा मेकॅनिक ही पकड स्वतःच घालवतो. मोजायचं तर मागच्या बाजूने, बारीक प्रोबने. सँडपेपर तर नकोच, मुलामा निघून टर्मिनल आणखी लवकर गंजतं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पूर्ण सुकू द्या.

सगळं जोडून इंजिन सुरू करा, हेडलाइट लावा आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून ईसीयूच्या अर्थपर्यंतचं (ग्राउंडपर्यंतचं) व्होल्टेज मोजा. 0.1 व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थची जोडणी कच्ची आहे. तार जोडलेली आहे का हे पाहताना मल्टिमीटरच्या नुसत्या बीपवर विसंबू नका. तारेतला एकच धागा उरला असला तरी मल्टिमीटर बीप देतो.