खरा वसाबी, ट्यूबमधला वसाबी आणि आपली फेसलेली मोहरी

सुपरमार्केटमधून आणलेल्या ट्यूबमधला हिरवा गोळा आणि जपानी आचारी समोर किसून वाढतो तो हिरवा गोळा, दोन्हींना वसाबीच म्हणतात. दोन्ही नाकात जातात, म्हणून एकच वाटतात. पण ट्यूबमधला गोळा खऱ्या वसाबीपेक्षा आपल्या फेसलेल्या मोहरीच्या जास्त जवळचा आहे. हे लक्षात आलं की हिवाळ्यातल्या कोवळ्या मटाराबरोबर काय घ्यायचं, हे ठरवणं सोपं जातं.

वसाबी ही मोहरी, मुळा, कोबी यांच्याच कुळातली वनस्पती. जपानमध्ये शिझुओका, नागानो या डोंगराळ भागांत थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यात तिचे वाफे असतात. पीक तयार व्हायला साधारण दीड-दोन वर्षं जातात. शिझुओकाच्या या शेतीला २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक कृषी वारशाचा दर्जा दिला. किसायचं ते तिचं जाड, गाठाळ खोड. तेही जेवायला बसल्यावर, कारण किसल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत त्याचा वास उतरू लागतो.

ट्यूबमध्ये बहुतेक वेळा असतं हॉर्सरॅडिश. हेही त्याच कुळातलं, पण युरोपात आणि पश्चिम आशियात वाढणारं जाड पांढरं मूळ. त्यात मोहरी, स्टार्च, मीठ आणि हिरवा रंग घालतात. काही ट्यूबमध्ये खरा वसाबी थोडाफार असतो. वेष्टनावरची घटकांची यादी वाचावी: आपल्याकडे जो घटक वजनाने जास्त तो आधी लिहावा लागतो. मोहरीची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर ती वाचल्याशिवाय ट्यूब उघडूच नये.

तिन्हींचा झणका मात्र एकाच रसायनाचा. पेशी अख्ख्या असेपर्यंत त्यात सिनिग्रिन नावाचं द्रव्य एकीकडे आणि मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) दुसरीकडे असतं. किसलं, कुटलं की दोन्ही एकत्र येतात आणि अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट तयार होतं. ते उडून जाणारं आहे, म्हणून जिभेवर थांबत नाही, थेट नाकात चढतं आणि थोड्याच वेळात उतरतं. मिरचीतलं कॅप्सेसिन असं उडत नाही. तेलात विरघळतं आणि तोंडात रेंगाळतं. त्यामुळे तांबडा रस्सा वाट्यांवर वाट्या पिणारा कोल्हापूरकरही वसाबीच्या पहिल्या घासाला डोळे मिटतो. ही वेगळी वाट आहे, तिथे मिरचीची सवय कामाला येत नाही. खऱ्या वसाबीत या झणक्याबरोबर एक हिरवा, किंचित गोडसर सुगंध असतो. ट्यूबमध्ये झणका येतो, सुगंध येत नाही.

आता मोहरी. फोडणीत तीच मोहरी रोज तडतडते, पण नाकात जात नाही, कारण गरम तेलात विकर निकामी होतं. फेसायची असेल तर गार पाणी हवं. दोन चमचे मोहरी खलबत्त्यात जाडसर कुटावी, थोडं थोडं पाणी घालत घोटावी. आधी नुसता कडवटपणा जाणवतो. मग मिश्रण फिकट होतं, फेस धरतं आणि खलबत्त्यावर वाकलं की डोळ्यांत पाणी येतं. दहा मिनिटं झाकून ठेवावी आणि मगच मीठ, चिमूटभर साखर, लिंबू घालावं. लिंबू आधी पिळलं तर विकराचं काम मंदावतं आणि झणका कमी येतो. आपल्या घरांत काकडीच्या कोशिंबिरीला आणि लोणच्याला ही पद्धत पूर्वीपासून आहे.

मटाराशी तिचं फार छान जमतं. कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत हिवाळ्यात हिरव्यागार शेंगा येतात तेव्हा त्याच दिवशी सोलून शिजवाव्यात. तोडल्यावर दाण्यातल्या साखरेचा स्टार्च होत जातो आणि शिळ्या शेंगेत ती गोडी राहत नाही. मला सगळ्यात आवडतो तो साधा मटारभात: तुपावर जिरं, मटार, तांदूळ, मीठ, बस्स. वर गार दह्यात कालवलेली फेसलेली मोहरी. मऊ, गोड भात आणि मधूनच नाकात जाणारा झणका! गरम मसाल्याची गरजच राहत नाही. दुसरा प्रकार आजारातून उठलेल्यासाठी: उकडलेले मटार थोड्या लोण्यात ठेचायचे, मीठ घालायचं आणि ज्वारीच्या गरम भाकरीला लावून खायचे. त्याला झणका हवा असेल तर वाटाण्याएवढी ट्यूब पुरते.

ट्यूब असो की मोहरी, घालायची गॅस बंद केल्यावर आणि वाफ थोडी बसल्यावर. उकळत्या उसळीत घातली तर झणका वाफेबरोबर उडून जातो, उरतो तो कडवटपणा. कांदा-लसूण चटणी आणि वसाबी एकाच भांड्यात घालू नयेत. चटणी वसाबीला पार झाकून टाकते आणि दोन्ही वाया जातात.

पाकिटातले कुरकुरीत वसाबी मटार म्हणजे वाळवलेले वाटाणे भाजून किंवा तळून त्यावर चढवलेला थर. त्यातही झणका बहुतेकदा हॉर्सरॅडिशचा किंवा मोहरीचाच. खरं खोड कधी हाती लागलं तर ते मटारात घालू नका. साध्या गरम भातावर, सोया सॉसच्या दोन थेंबांबरोबर, किसल्या किसल्या खा.