बोलता येत नाही, पण आरती म्हणता येते

पॅरालिसिसचा झटका येऊन वाचा गेलेल्या माणसाला लोक भेटायला येतात तेव्हा एक गोष्ट हमखास होते. पाहुणे त्याच्याशी बोलतच नाहीत, त्याच्या बायकोशी बोलतात. जेवतात का, माणसं ओळखतात का, असं सगळं त्याच्यासमोरच. आणि तो ऐकत असतो, बऱ्याचदा त्याला सगळं समजतही असतं. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून मेंदूत कुठलं काम कुठे चालतं ते जरा सविस्तर सांगते.

पॅरिसजवळच्या बिसेत्र हॉस्पिटलमध्ये लेबोर्न नावाचा एक पेशंट 21 वर्षं होता. काहीही विचारा, तो "तान तान" एवढंच म्हणायचा, पण विचारलेलं त्याला कळायचं. 1861 मध्ये तो वारला आणि पॉल ब्रोका या सर्जनने त्याचा मेंदू तपासला तर डाव्या बाजूला, कपाळाच्या मागच्या भागात खालच्या अंगाला मोठी इजा सापडली. या जागेला आज ब्रोकाचा भाग म्हणतात. शब्दांची जुळणी करून ते तोंडातून बाहेर काढायचं काम मुख्यतः इथून चालतं. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूलाच असते, डावखुऱ्यांपैकीही बऱ्याच जणांची.

आता उजवा हात आणि वाचा एकदमच का जाते? मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, आणि चेहरा नि हात हलवणारा पट्टा ब्रोकाच्या भागाला अगदी लागून आहे. दोघांना रक्त पुरवणारी मुख्य रक्तवाहिनीही एकच, ती तुंबली की दोन्ही कामं बसतात.

आमच्या गोव्यातल्या म्हार्दोळच्या शेजारच्या काकांचं असंच झालं. गोमेकॉतून, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलातून, घरी आले तेव्हा पाणी हवं असलं तरी "ते... ते..." आणि डाव्या हाताने तांब्याकडे बोट. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, त्यांना माटोळीजवळ (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती) खुर्चीत बसवलं होतं, घुमट हे मातीचं वाद्य सुरू झालं, शामेळ हा ढोल नि कासाळं म्हणजे मोठ्या झांजा त्यात मिसळल्या, आणि दुसऱ्या कडव्याला काकांचा आवाज आला, शब्द स्पष्ट, डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर ठेका. वाजवणारी पोरं बघतच राहिली. आरती संपल्यावर मुलगा जवळ येऊन म्हणाला, बाबा, तीच ओळ नुसती बोलून दाखवा ना. काकांनी तोंड उघडलं आणि परत "ते... ते...".

कोणी म्हणालं देवाची कृपा, आणि त्या घरात तसं वाटणं मी समजू शकते. पण असे पेशंट डॉक्टरांना जुने माहितीचे आहेत, स्वीडनमध्ये 18व्या शतकातच असा एक माणूस नोंदवलाय, जो बोलू शकत नव्हता पण प्रार्थनागीतं म्हणायचा. नवीन वाक्य रचायचं काम डाव्या बाजूचं, पण सुरावट ओळखण्यात उजव्या बाजूचा वाटा मोठा, ठेका धरायला मेंदूच्या आत खोलवर असलेले पेशींचे पुंजके आणि मागचा लहान मेंदू लागतो. शिवाय लहानपणापासून शेकडो वेळा म्हटलेले शब्द नव्याने जुळवावे लागत नाहीत, एकामागून एक आपसूक येतात. म्हणून आकडे, स्तोत्रं, कधी कधी शिव्यासुद्धा शाबूत राहतात. सूर की ठेका की पाठांतर, यातलं नेमकं कुठलं जास्त कामाला येतं यावर संशोधकांचा वाद अजून चालू आहे. तरी याच निरीक्षणावरून 1970च्या दशकात अमेरिकेत एक थेरपी तयार झाली, पेशंटकडून "पाणी दे" सारखे छोटे शब्द सुरात, डाव्या हाताने ताल देत म्हणवून घ्यायचे, आणि मग सूर हळूहळू काढून टाकायचा.

याच्या उलटा प्रकारही असतो. कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने 1874 मध्ये दाखवलं की डाव्या कानाच्या वर-मागे असलेल्या मेंदूच्या भागाला इजा झाली तर माणूस भरभर बोलतो पण बोलण्याला अर्थ नसतो आणि समोरच्याचंही त्याला नीट कळत नाही. घरच्यांना वाटतं वेड लागलं. ते वेड नव्हे.

पण म्हणून मेंदूत अगदी भिंती घालून खोल्या पाडल्यात असंही समजू नका हं. लेबोर्नचा मेंदू पॅरिसला जपून ठेवलाय, त्याचं स्कॅन केल्यावर कळलं की इजा ब्रोकाला वरून दिसली त्यापेक्षा बरीच आतपर्यंत होती, भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंपर्यंत. आपल्याकडे तर घरात कोंकणी, देवळात मराठी, कोणा म्हाताऱ्याची पोर्तुगीज, आणि झटक्यानंतर या भाषा एकाच वेगाने परत येतील असं नाही. कधी रोजची आधी येते, कधी लहानपणची. त्यामुळे एका भाषेत उत्तर आलं नाही तर दुसरीत विचारून बघा.

तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं अडखळलं तर 108 ला लगेच फोन करा, रक्तवाहिनी तुंबवणारी रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेल चोळत बसू नका. नंतर घरी आल्यावर स्पीच थेरपी चुकवू नका. आणि वाचा गेलेल्या माणसाशी ओरडून बोलायची गरज नसते, त्याचे कान चांगले असतात. छोटी वाक्यं बोला, हो-नाही मध्ये उत्तर देता येईल असं विचारा, "चहा घेणार?" विचारून थोडं थांबा, शब्द यायला त्याला वेळ लागतो, मधेच आपण वाक्य पूर्ण करून टाकू नका.