भिंतीत गेलेली चावी

मे महिन्यात जळगावात दुपारी आंघोळीला गेलात आणि सवयीने शॉवरची निळ्या खुणेची चावी सोडलीत, तर अंग भाजतं. गच्चीवरची काळी टाकी सकाळपासून उन्हात तापलेली असते. गार पाणी हवं असेल तर लाल खुणेची चावी सोडायची, कारण बंद गीझरमध्ये रात्री भरून ठेवलेलं पाणी सावलीत बसलेलं असतं. पंधरा लिटर संपेपर्यंत चैन.

आमच्या घरी नेमकी ही लाल चावीच अडली. पूर्ण बंद होईना, शॉवर रात्रभर टपकायचा. प्लंबर आला, टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला, "आतला स्पिंडल भेटला तर ठीक, नाहीतर टाईल फोडावी लागीन भो." स्पिंडल म्हणजे मुठीखालचा, पाणी उघड-बंद करणारा आतला भाग. आजोबांच्या घरी असला नळ पाच मिनिटांत, काही पैशांच्या वायसरवर भागायचा. तो भिंत फोडण्यापर्यंत कसा आला, हे बघायला जरा मागे जावं लागतं.

बऱ्हाणपूरच्या किल्ल्यात मोगलांचा शाही हमाम होता, पण गावोगावच्या वाड्यांत न्हाणी, घंगाळ आणि तांब्या एवढाच कारभार. न्हाणीत चावी एकच, तीही तांब्याच्या बंबाची तोटी. ती बघितलेल्यांना आठवत असेल: निमुळता पितळी खुंटा, त्याला आडवं भोक, पाव फेरी दिली की भोक नळीसमोर येतं आणि पाणी सुटतं. रोमन काळापासून चालत आलेली ही रचना, पॉम्पेईच्या उत्खननातही असे नळ सापडले आहेत. तोटी गळू लागली की खुंटा काढायचा, त्याला विटकरीची वस्त्रगाळ पूड आणि तेल लावायचं आणि त्याच भोकात फिरवत राहायचं. दोन्ही पितळं एकमेकांना घासून पुन्हा नीट बसायची. नवा भाग आणायचा प्रश्नच नव्हता.

मात्र जोराच्या पाण्यापुढे असा खुंटा दमतो, शिवाय झटकन बंद केला की पाइपात धक्का बसतो. त्यावरचा तोडगा इंग्लंडातल्या रॉदरहॅम गावच्या पितळी कारखान्यातून १८४५ मध्ये आला: आट्यांवर फिरत खाली उतरणारा दांडा आणि त्याच्या टोकाला मऊ चकती. दांडा खाली येतो, चकती बैठकीवर दाबली जाते, पाणी थांबतं. झिजायचं ते चकतीने. पितळ शाबूत राहतं. नगरपालिकांचे नळ घरात आले तेव्हा हाच नळ आपल्याकडे आला, आणि ती चकती म्हणजे आपला वायसर. आधी तो चामड्याचा असायचा, मग रबराचा. आमच्याकडे तो दुकानातून क्वचितच यायचा. जुन्या स्लिपरचा तुकडा, त्यावर चार आण्याचं नाणं ठेवून पेनने गोल, कात्रीने कापायचा, मध्ये खिळ्याने भोक. आजोबा हे काम नळ गेल्यावरच करत, म्हणजे वेगळा कॉक बंद करावा लागत नसे.

त्याच काळाने आणखी एक देणगी दिली. अर्ध्या इंची पाइपाला इंचात १४ आटे, हे ब्रिटिश माप आजही आपल्या प्रत्येक नळाला आहे. म्हणून साठ वर्षांपूर्वीच्या जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपावर आज आणलेला बिब कॉक, म्हणजे साधा भिंतीवरचा नळ, बसतो. पूर्वी आट्यांवर ताग आणि सफेदा, आता टेफलॉन टेप, एवढाच फरक. मात्र ही एकी नळाच्या बाहेरच्या अंगापुरती आहे. आतल्या स्पिंडलला असं एक माप नाही. प्रत्येक कंपनीचे दाते निराळे, लांबी निराळी. माझ्या मते आजच्या सगळ्या कटकटीचं मूळ इथेच आहे.

शॉवर घरोघर यायला मधे गच्चीवरची टाकी यावी लागली. नळ दोन-तीन दिवसांआड, कधी त्याहूनही उशिरा येणार, "नळ उना का?" ही गल्लीतली रोजची विचारणा, अशा गावात डोक्यावर साठा असल्याशिवाय शॉवर कशाला? प्लॅस्टिकच्या टाक्या देशात १९७०च्या दशकात निघाल्या. जळगावात जैन उद्योगाने १९८० मध्ये पीव्हीसी पाइप काढायला सुरुवात केली, आणि शेतासाठी आलेला पाइप गच्चीवरही चढला. पण टाकीचा जोर तो किती! दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. एकमजली घरात टाकीचा तळ शॉवरच्या दोन मीटरही वर नसतो, म्हणजे ०.२ बारही नाही. आणि एका दांडीचे विलायती मिक्सर बहुतेक त्याच्या कितीतरी पट दाब धरून केलेले असतात.

त्या एका दांडीचीही गोष्ट आहे. अमेरिकेत १९३७ मध्ये अल मोएन या तरुणाने दोन चाव्यांच्या नळावर हात भाजून घेतला आणि गरम-गार एकाच दांडीने मिसळता यावं म्हणून खटपट सुरू केली. १९४७ मध्ये त्याचा नळ विकला गेला. पुढे या जातीच्या नळांत आतलं सगळं काम एका डबीत बसवलं गेलं, ती कार्ट्रिज. १९७०च्या दशकात सिरॅमिकच्या दोन घोटीव चकत्या आल्या, एकमेकींवर सरकून भोकं जुळवणाऱ्या. पाव फेरीत चालू, पाव फेरीत बंद. बंबाची तोटीच की, पितळाऐवजी चिनीमातीसारख्या कठीण चकत्यांची! पण ही घासून बसवता येत नाही. बिघडली की आख्खी बदला.

मग शोभेपायी सगळं भिंतीत गेलं. बाहेर दिसते ती नुसती मूठ आणि चकचकीत तबकडी. आमच्या बिल्डरने बाथरूमला वेगळा कॉकच दिलेला नाही, त्यामुळे पाणी तोडायला गच्चीवर जावं लागलं, आणि तिथला गेट वॉल्व्हही जागीच धरलेला.

धरतो कशाने, तर क्षाराने. पाण्यातली कठिणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते, असं भारतीय मानक सांगतं. आमच्या बोअरचं पाणी तांब्यावर पांढरा थर सोडतं, यावरून काय ते समजा. पाणी तापलं की चुना लवकर सुटतो, म्हणून गीझरकडची चावी आधी अडते. ही काही नव्या नळांची खोड नाही. फारुकी खानदेशची राजधानी बऱ्हाणपूर आता मध्य प्रदेशात आहे. तिथे अब्दुल रहीम खानखानाच्या काळात १६१५ च्या सुमारास सातपुड्याचं पाणी जमिनीखालून उताराने आणणारा कुंडी भंडारा खोदला गेला. त्याच्या भिंतींवरही क्षाराची पुटं चढली आहेत.

रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे कुणी सांगायला नको. ठिबकच्या नळ्या चोंदल्या की तो अ‍ॅसिड सोडून त्या मोकळ्या करतो. माझ्या एका मावसभावाने तेच अ‍ॅसिड शॉवरला लावलं. भोकं मोकळी झाली, पण क्रोमचा मुलामाही गेला. घरी लिंबूफूल बरं.

आमच्या स्पिंडलवर साखरेसारखा थर होता. तासभर लिंबूफुलाच्या कोमट पाण्यात ठेवल्यावर चकत्या सुटल्या, पण आतलं रबर गेलेलं होतं. तिसऱ्या दुकानात जुळणारा मिळाला, टाईल वाचली. पहिल्या दोघांना मोबाइलवर फोटो दाखवला होता. तिसऱ्याने फोटो बघितलाच नाही. जुना स्पिंडल हातात घेतला, नखाने दाते मोजले आणि खालच्या खणातून एक पुडी काढली.