आठाला भाव, चाराला नकार : चिनी गुंतवणुकीतले शकुन

अलिबाबा ही चिनी ऑनलाइन व्यापार कंपनी २०१९च्या नोव्हेंबरमध्ये हाँगकाँगच्या शेअर बाजारात आली तेव्हा तिचा क्रमांक होता ९९८८. तिथे कंपन्या क्रमांकानेच ओळखल्या जातात. चिनी माणसाला यातला शकुन सांगावा लागत नाही : नऊ म्हणजे दीर्घकाळ, आठ म्हणजे भरभराट.

हे सगळे उच्चारावर चालते. हाँगकाँगच्या कँटनी बोलीत आठ म्हणजे ‘बात’ आणि श्रीमंत होणे म्हणजे ‘फात’. चार आणि मृत्यू यांच्या उच्चारांत फरक फक्त सुराचा. हाँगकाँगमध्ये या श्रद्धेला सरकारी बाजारभावही आहे. १९७३पासून तिथे गाड्यांच्या शुभ क्रमांकांचा लिलाव होतो आणि पैसा धर्मादाय कामाला जातो. २०१६मध्ये ‘२८’ हा क्रमांक १ कोटी ८१ लाख हाँगकाँग डॉलरना गेला.

चीनच्या मुख्य भूमीवर मात्र ही परंपरा अखंड नव्हती. १९६६मध्ये सुरू झालेल्या माओच्या सांस्कृतिक क्रांतीत ‘चार जुन्या गोष्टीं’वर, म्हणजे जुने विचार, संस्कृती, चालीरीती आणि सवयी यांवर हल्ला झाला, त्यात देवळे आणि फेंगशुईही सापडली. १९७८नंतर आर्थिक सुधारणा आल्या, हाँगकाँगला लागून असलेल्या ग्वांगडाँगमध्ये व्यापार फुलला आणि शकुनांना पुन्हा उघडपणे मान मिळू लागला. १९९०मध्ये शांघाय आणि शेन्झेनचे शेअर बाजार सुरू झाले. बाजार नवा, खात्रीची माहिती तुटपुंजी आणि सौदे करणारे बहुतेक छोटे गुंतवणूकदार. अशा वेळी माणूस ओळखीच्या खुणांचा आधार घेणारच, त्यात मला नवल वाटत नाही. २००३मध्ये तर सिचुआन एअरलाइन्सने आठ आठांचा फोन नंबर २३.३ लाख युआनला घेतला.

नव्या समजुतीही तयार होतात. १९९२मध्ये हाँगकाँगच्या टीव्हीवर एक मालिका आली. त्यात ॲडम चेंगने रंगवलेला डिंग हाय पडत्या बाजारात पैसा करतो. तेव्हापासून चेंगची नवी मालिका आली की निर्देशांक कोसळतो, असे तिथले दलालही बोलतात.

याची खरी झळ छोट्या माणसाला बसते, म्हणून हा विषय मला गंभीर वाटतो. चिनी बाजारातल्या नव्या शेअरांवरच्या एका अभ्यासात शुभ क्रमांकाचे शेअर सुरुवातीला महाग विकले गेले, पण पुढे मागे पडले. तैवानच्या वायदे बाजारात वैयक्तिक गुंतवणूकदार आठावर संपणाऱ्या भावाला जास्त आणि चारावर संपणाऱ्या भावाला कमी ऑर्डर टाकताना आढळले. ज्यांचा हा कल जास्त, त्यांचा तोटाही जास्त. मोठ्या संस्थांच्या ऑर्डरींत हा कल दिसला नाही.