कॉलम जाड करणे वेगळे, आवळणे वेगळे

‘जॅकेटिंग करा किंवा रॅपिंग, शेवटी कॉलमची ताकदच वाढवायची आहे’ हे विधान अनुभवी अभियंत्यांच्याही तोंडी ऐकू येते आणि दर वेळी खटकते.

काँक्रीट जॅकेटिंग सर्वांना ठाऊक आहे: जुना पृष्ठभाग टाचायचा, नव्या सळया आणि रिंगा (उभ्या सळयांभोवतीचे पोलादी वेढे) बांधायच्या, भोवती नवे काँक्रीट ओतायचे. छेद (कॉलमचा आडवा काप) वाढतो, ताठपणा वाढतो आणि पुढे मजला चढवला तर त्या नव्या भारातला वाटा जॅकेट लगेच उचलते.

रॅपिंगमध्ये कार्बन किंवा काचतंतूंचे कापड इपॉक्सीने कॉलमभोवती गुंडाळतात. आडवे तंतू उभा भार जवळजवळ घेतच नाहीत. दाबाखाली बाहेर फुगू पाहणाऱ्या काँक्रीटला ते आवळून धरतात. नेहमीच्या भाराखाली मात्र हे फुगणे उभ्या आखडण्याच्या साधारण एक पंचमांशच असते, त्यामुळे कापड जवळपास निवांत असते. आत बारीक तडे वाढून फुगवटा बळावला की मगच ते खऱ्या अर्थाने कामाला लागते. म्हणून ‘रॅपिंगने कॉलम ताठ होतो’ हे म्हणणे चुकीचे आहे.

व्यास 300 मिमी, कार्बनचा 0.17 मिमीचा एक थर, लवचिकता गुणांक (तंतूंच्या ताठपणाचे माप) 2,30,000 मेगापास्कल आणि तंतूंतील स्ट्रेन (मूळ लांबीच्या प्रमाणात होणारी वाढ) 0.004 धरल्यास आवळण्याचा दाब सुमारे 1 मेगापास्कल येतो आणि काँक्रीटची ताकद त्याच्या तीन-चार पट, म्हणजे 3 ते 4 मेगापास्कलने वाढते. व्यास दुप्पट केला की दाब निम्मा होतो. हा हिशेब गोल कॉलमचा आहे. चौकोनी कॉलमच्या सपाट बाजू बाहेर फुगतात आणि कापड फक्त कोपऱ्यांवर दाबते. कोपरे ग्राइंडरने गोल केले नाहीत, तर ते तिथेच फाटते. छेदाची लांबी रुंदीच्या दुपटीहून अधिक असलेल्या कॉलमची भारक्षमता वाढवण्यासाठी रॅपिंग सुचवणाऱ्याकडे मी आधी आकडेमोड मागतो. अशा ठिकाणी माझी पसंती जॅकेटिंगलाच आहे. याउलट रिंगा विरळ असलेल्या कॉलमला भूकंपात कातरबळापासून (कॉलम आडवा कापू पाहणाऱ्या बळापासून) वाचवायचे असेल, तर छेद न वाढवणारे रॅपिंग उत्तम.

पोलाद आणि तंतू यांतला फरकही ध्यानात ठेवावा: रिंग यील्ड झाल्यावर (म्हणजे कायमची ताणू लागल्यावर) दाब जवळपास स्थिर ठेवते, तंतू मात्र तुटेपर्यंत दाब वाढवत नेतात आणि मग एकाएकी तुटतात.

सळया गंजलेल्या असताना, गंज न काढता वरून कापड चिकटवणे हा तर निव्वळ झाकपाकीचा प्रकार आहे, कारण आतला गंज फुगत राहतो आणि तडे कापडाआड दिसेनासे होतात.