ओंडका फुटतो तो नेमका कशाने?

घरी वापरायचं छोटं इलेक्ट्रिक लॉग स्प्लिटर, म्हणजे ओंडके फोडायचं मशीन, पहिल्यांदा चालताना बघितलं की थोडी निराशाच होते, इतकं ते सावकाश चालतं. ओंडका आडवा ठेवायचा, मोटर चालू करायची, मागून दट्ट्या येतो आणि ओंडक्याला समोरच्या पाचरीवर ढकलत नेतो, सेकंदाला जेमतेम 3 सेंटीमीटर. आणि मग अचानक कडकन आवाज येतो, ओंडका दुभंगतो, आणि जवळ जाऊन बघितलं तर पाचर आत गेलीय फक्त दोन-तीन बोटं, पुढचं सगळं लाकूड ती पोचायच्या आधीच उघडलंय. पाचर फक्त चीर सुरू करून देते, पुढचं काम चीरच करते, आणि हे एकदा लक्षात आलं की मशीन कसं वापरायचं ते बरंचसं आपोआप कळत जातं.

आधी जोर कुठून येतो ते बघू. मोटर असते 1500 वॅटच्या आसपास, म्हणजे पाणी तापवायच्या इलेक्ट्रिक किटलीएवढी, आणि मशीनवर लिहिलेलं असतं 4 टन, 5 टन वगैरे. ही करामत तेलाची. पंप तेलावर दाब देतो, बंद जागेतल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो (पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने 17व्या शतकात दाखवलेली गोष्ट, आणि ती वापरून जोसेफ ब्रामा या इंग्रज संशोधकाने 1795 मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचं, पेटंट घेतलं). समजा दाब 200 बार आहे, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर साधारण 200 किलोचा भार, आणि दट्ट्याचा व्यास 5 सेंटीमीटर, म्हणजे क्षेत्रफळ 19.6 चौरस सेंटीमीटर. गुणाकार करा, 4 टन होतात. पण फुकट काहीच मिळत नाही, 4 टनांचा जोर सेकंदाला 3 सेंटीमीटर सरकवायचा तर 1200 वॅट लागतात, त्यामुळे एवढ्या मोटरीकडून याहून जास्त वेग मागण्यात अर्थच नाही.

कुऱ्हाडीशी तुलना करून बघा. अडीच किलोची कुऱ्हाड सेकंदाला 10 मीटर वेगाने खाली आली तर तिच्यात 125 ज्यूल ऊर्जा असते, आणि ती एका क्षणात संपते, घाव बसला तेवढा बसला. दट्ट्या मात्र ढकलतच राहतो.

आता लाकूड. लाकूड म्हणजे उभ्या, बारीक, पोकळ नळ्यांचा एकमेकांना चिकटलेला जुडगा समजा. नळ्यांची लांबी धरून ताणलं तर लाकूड प्रचंड चिवट असतं, पण नळ्या एकमेकींपासून बाजूला ओढल्या तर त्याला लागणारा ताण निदान वीस पट कमी असतो. पाचर बरोबर हेच करते, तिचे दोन्ही गाल लाकडाच्या दोन भागांना बाजूला लोटतात आणि सगळा ताण चिरेच्या टोकाशी जमा होतो. चीर कधी पुढे सरकते याचा हिशोब ग्रिफिथ नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने 1921 मध्ये काचेवर प्रयोग करून मांडला, की नवीन पृष्ठभाग तयार करायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी ताणातून मोकळी होत असेल तर चीर पळते. शिवाय चीर जितकी लांब, तितके ते दोन भाग लांब तरफेसारखे वागतात आणि लागणारा जोर उतरतो, म्हणूनच सुरुवातीला दबून कण्हणारी मोटर तडा गेल्यावर एकदम मोकळा आवाज काढते. पाचरीला वस्तऱ्यासारख्या धारेची गरज नसते तेही यामुळेच.

म्हणून माझं सांगणं असं, की ओंडका मशीनवर चढवायच्या आधी त्याच्या कापलेल्या तोंडाकडे अर्धा मिनिट बघा. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या बारीक चिरा दिसतील, चाकाच्या आऱ्यांसारख्या. लाकूड वाळताना वर्तुळांच्या दिशेने जवळपास दुप्पट आकसतं आणि गाभ्यापासून सालीच्या दिशेने त्याच्या निम्मंच, ही ओढाताण सहन न होऊन ते स्वतःच फाटायला लागतं. त्यातली सगळ्यात मोठी चीर पाचरीच्या रेषेत येईल असा ओंडका फिरवून ठेवा, एवढ्यानेच खूप फरक पडतो. तोंड तिरकं कापलेलं असेल तर आधी सरळ करून घ्या, नाहीतर जोर एका बाजूला जाऊन ओंडका उसळतो.

गाठ आणि बेचकं ही मात्र खरी परीक्षा. गाठीत फांदीच्या नळ्या आडव्या घुसलेल्या असतात आणि खोडाच्या नळ्या तिला वळसा घालून जातात, चिरेला सोपी वाट उरतच नाही, तिला नळ्या तोडत जावं लागतं. माझ्याकडे असाच एक बेचक्याचा ओंडका अडकला होता आणि मी हट्टाने लिव्हर दाबून धरलं, दट्ट्या जागेवर थांबलेला, मोटर गुरगुरतेय, आणि थोड्या वेळाने टाकीला हात लावला तर चांगलीच तापलेली. जोर मर्यादेपलीकडे गेला की सेफ्टी व्हॉल्व्ह तेल परत टाकीत सोडतो, मग मोटरची सगळी ऊर्जा फक्त तेल तापवण्यात जाते. पाच सेकंदात फुटलं नाही तर सोडा, ओंडका थोडा फिरवा, पाचर गाठीच्या शेजारून जाईल असं बघा, किंवा आधी कडेचे ढलपे काढून घ्या.

एक्स्टेन्शन केबल जाडच घ्या, हे फार जण टाळतात. 25 मीटरची 0.75 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल म्हणजे जाऊन-येऊन 1.2 ओहमच्या आसपास रेझिस्टन्स, मोटर सुरू होताना 50 अँपिअर ओढत असेल तर 60 व्होल्ट केबलमध्येच गेले. 230 चे 170 झाले, आणि अशा मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे राहिला निम्म्याच्या आसपास. 2.5 चौरस मिलिमीटरची केबल असली तर हीच घट 20 व्होल्टच्या आत राहते.

दोन्ही हात गुंतल्याशिवाय मशीन चालत नाही ते मुद्दाम तसं केलेलं असतं, दट्ट्या हळू असला तरी बोट आणि लाकूड यात फरक करत नाही, त्यामुळे ओंडका दुसऱ्या कोणी धरायचा नाही. आणि टाकीवर हवेचा स्क्रू असेल तर काम सुरू करताना तो थोडा सैल करा. दट्ट्या पुढे-मागे होताना टाकीतल्या तेलाची पातळी वर-खाली होते, हवेला जायला-यायला वाट नसेल तर ती आतच दाबली जाते आणि सील फाटतात. मशीन हलवताना तो पुन्हा घट्ट करायचा, नाहीतर वाटभर तेल सांडतं.